केंब्रिजमधील स्थापत्य: काय पाहावे, कुठे थांबावे आणि कशासाठी तिकीट काढावे

जुन्या विद्यापीठ-नगरांपैकी केवळ इमारती पाहण्यासाठी मुद्दाम जावे असे एक शहर निवडायचे झाले, तर मी इंग्लंडमधील केंब्रिजचे नाव घेईन. ऑक्सफर्डमधून बाहेर पडलेले काही अध्यापक १२०९ मध्ये इथे आले आणि विद्यापीठ सुरू झाले. १२८४ मध्ये पीटरहाउस हे पहिले कॉलेज स्थापन झाले आणि आज त्यांची संख्या ३१ आहे. एवढ्या दीर्घ काळातले बांधकाम पायी फिरण्याजोग्या अंतरात उभे आहे. सेंट बेनेट चर्चचा मनोरा नॉर्मन आक्रमणाच्या आधीचा, म्हणजे सॅक्सन काळातला आहे. त्याच्यापासून थोड्याच अंतरावर पंधराव्या शतकातले चॅपेल, सतराव्या शतकातले ग्रंथालय आणि अठराव्या शतकातले पदवीदान सभागृह आहे. तरीही पुष्कळ प्रवासी किंग्ज परेड या रस्त्यावर उभे राहून छायाचित्रे घेतात, तासभर नावेतून फिरतात आणि परत जातात. त्यांनी या इमारतींची फक्त बाहेरची बाजू पाहिलेली असते, आणि केंब्रिजचे खरे स्थापत्य बाहेरच्या बाजूला नाही. ते दरवाजाच्या आत, चौकांमध्ये आहे.

भेटीची आखणी त्यामुळेच विचारपूर्वक करावी लागते. ही कॉलेजे संग्रहालये नाहीत. तिथे विद्यार्थी राहतात, जेवतात, अभ्यास करतात, आणि पाहुण्यांना प्रवेश मिळतो तो त्यांच्या सोयीने. साधारणपणे एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांचा काळ असतो आणि त्या दिवसांत अनेक कॉलेजे पाहुण्यांसाठी बंद राहतात किंवा प्रवेश मर्यादित करतात. वेळा आणि शुल्क वरचेवर बदलत असल्याने निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून जलद गाडी सुमारे पन्नास मिनिटांत केंब्रिजला पोहोचते. स्थानक मात्र जुन्या शहरापासून दूर आहे. चालत वीस-पंचवीस मिनिटे लागतात किंवा बस घ्यावी लागते. सप्टेंबरच्या अखेरीस हवा बरी असते, परीक्षा नसतात आणि उन्हाळ्यातली गर्दीही ओसरलेली असते, म्हणून मी तो काळ सुचवीन.

एकाच ठिकाणचे तिकीट काढायचे असेल, तर ते किंग्ज कॉलेजच्या चॅपेलचे काढावे. तिकीट स्वस्त नाही, पण त्याचा मोबदला पुरेपूर मिळतो. सहाव्या हेन्रीने २५ जुलै १४४६ रोजी पायाचा दगड बसवला आणि मूळ दगडी काम पूर्ण व्हायला १५१५ उजाडले. मधल्या काळात यादवी युद्ध झाले, हेन्री पदच्युत झाला, काम थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि अखेरीस ट्यूडर घराण्याच्या पैशाने पुरे झाले. हा सगळा इतिहास दगडावर वाचता येतो. सुरुवातीचे बांधकाम यॉर्कशायरहून आणलेल्या पांढुरक्या चुनखडीचे आहे, तर नंतरचे नॉर्दम्प्टनशायरच्या बदामी छटेच्या दगडाचे. भिंतीकडे निरखून पाहिले, की कुठवर मजल गेली असताना राजा पडला हे रंगाच्या फरकावरून कळते.

आत गेल्यावर सर्वांची नजर छताकडे जाते आणि ते योग्यच आहे. जॉन वॉस्टेल या गवंडीप्रमुखाने १५१२ ते १५१५ या अवघ्या तीन वर्षांत उभारलेले हे फॅन व्हॉल्ट, म्हणजे पंख्यासारखे उलगडत जाणारे दगडी छत, आपल्या प्रकारातले जगातले सर्वांत मोठे आहे. आतली लांबी २८९ फूट, रुंदी ४० फूट आणि उंची ८० फूट. या आकड्यांपेक्षाही लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे वजनाचा प्रवास. छताचा भार पंख्यांच्या दांड्यांतून खाली उतरतो आणि बाहेरच्या बाजूला उभ्या असलेल्या जाड दगडी टेकूंवर जातो. त्यामुळे दोन टेकूंमधल्या भिंतीला वजन पेलण्याचे काम फारसे उरत नाही आणि तिथे जवळजवळ पूर्ण उंचीची काच बसवता येते. टेकूंच्या मधल्या खालच्या जागेत छोटी चॅपेले बसवली आहेत, म्हणून आतून ते टेकू जाणवतही नाहीत. एवढे मोठे दगडी छत इतक्या थोड्या भिंतीवर कसे उभे राहिले, हा प्रश्न पडला की उत्तर शोधण्यासाठी एकदा बाहेर जाऊन बाजूने इमारत पाहावी आणि पुन्हा आत यावे.

मोठ्या खिडक्या २६ आहेत. पश्चिमेची खिडकी एकोणिसाव्या शतकातली आहे. बाकीच्यांच्या काचा १५१५ ते १५३१ या काळात प्रामुख्याने फ्लँडर्सहून आलेल्या कारागिरांनी घडवल्या. बाजूच्या खिडक्यांमध्ये सर्वसाधारणपणे वरच्या भागात जुन्या करारातला प्रसंग आणि खाली त्याच्याशी जोडलेला नव्या करारातला प्रसंग अशी योजना आहे. ती कळली की नुसती रंगांची उधळण वाटणाऱ्या काचांमधून कथा दिसू लागतात. शक्य असल्यास छोटी दुर्बीण बरोबर न्यावी. दुसऱ्या महायुद्धात यांतल्या बहुतेक काचा काढून सुरक्षित ठेवल्या होत्या, म्हणूनच त्या आज आपल्याला पाहता येतात.

सहाव्या हेन्रीची इच्छा अशी होती, की इमारत भव्य असावी पण तिच्यावर नक्षीचा सोस नसावा. पूर्वेकडचा, म्हणजे गायकवृंद बसतो तो भाग त्याच्या इच्छेला बराचसा धरून आहे. पश्चिमेकडच्या भागात मात्र ट्यूडरांनी आपले गुलाब, मुकुट, जाळीचे दरवाजे, ड्रॅगन आणि शिकारी कुत्रे भिंतीभर कोरले. ही कोरीव कामे अत्यंत उत्तम आहेत, पण मला पूर्वेकडची साधी भिंत अधिक मोलाची वाटते, कारण तिथे छत आणि प्रकाश यांच्यामध्ये काहीही येत नाही. दोन्ही भागांमध्ये आठव्या हेन्रीच्या काळातला ओक लाकडाचा पडदा आहे. त्यावर हेन्री आणि त्याची राणी अ‍ॅन बुलिन यांची आद्याक्षरे एकत्र कोरलेली दिसतात. तो १५३० च्या दशकातला आहे आणि अ‍ॅनचा शिरच्छेद १५३६ मध्ये झाला, त्यामुळे ती अक्षरे तिथे टिकून आहेत याचेच आश्चर्य वाटते. वेदीमागे रूबेन्सचे १६३४ मधले मोठे चित्र आहे. चित्र थोर आहे, पण त्याच्यासाठी १९६० च्या दशकात पूर्वेकडच्या जमिनीची पातळी बदलली गेली आणि माझ्या मते त्या टोकाचा मूळ चढ त्यात हरवला.

तिकिटाचा खर्च नको असेल, तर सत्र चालू असताना होणाऱ्या सायंप्रार्थनेला जावे. तिला शुल्क नसते आणि गायकवृंदाचा आवाज त्या छताखाली कसा फिरतो हे ऐकायला मिळते. तो अनुभव दिवसा तिकीट काढून मिळत नाही. तिथे पर्यटक म्हणून वावरू नये, छायाचित्रे घेऊ नयेत आणि वेळेच्या बऱ्याच आधी रांगेत उभे राहावे.

चॅपेल पाहिल्यावर मिल रोडवरची सेंट्रल मशीद अवश्य पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. मार्गदर्शिकांमध्ये तिला बहुधा शेवटचे पान मिळते. तिची योग्यता त्याहून पुष्कळ मोठी आहे. मार्क्स बारफिल्ड या वास्तुरचनाकार संस्थेने आखलेली ही मशीद २०१९ मध्ये खुली झाली. आत लाकडी खांब जमिनीतून वर येतात, फांद्यांसारखे फाकतात आणि एकमेकांत गुंफून अष्टकोनी जाळीचे छत तयार करतात. वरच्या गोल झरोक्यांतून दिवसाउजेडी इतका प्रकाश येतो, की दिवे लावण्याची गरज फारशी पडत नाही. इस्लामी भूमितीची परंपरा आणि इंग्लंडमधल्या दगडी छतांची परंपरा या दोन्हींचे स्मरण एकाच लाकडी रचनेत करून देणारी ही वास्तू आहे, आणि दगडात जे वॉस्टेलने केले ते समजल्यावर लाकडात इथे काय केले आहे ते अधिक नीट समजते. नमाजाच्या वेळा सोडून पाहुण्यांचे स्वागत होते. पादत्राणे बाहेर काढावीत आणि अंगभर कपडे असावेत.

आता चौकांविषयी. वाड्यांची सवय असलेल्या मराठी माणसाला केंब्रिजच्या कॉलेजची रचना चटकन उमगते: रस्त्याकडे जवळजवळ बंद भिंत, एकच भक्कम प्रवेशद्वार, त्याच्या मोठ्या फळीत बसवलेला दिंडी दरवाजा, आत देवडीच्या जागी पोर्टरची खोली, आणि पुढे मोकळा चौक. फरक आहे तो जिन्यांचा. जुन्या चौकांत खोल्यांना जोडणारी लांब ओसरी नसते; चौकाच्या कडेने ठरावीक अंतरावर दरवाजे असतात, प्रत्येक दरवाजाआड एक जिना आणि प्रत्येक जिन्यावर मोजक्या खोल्या. म्हणजे प्रत्येकाला आपल्या खोलीत जाण्यासाठी चौकात यावेच लागते. एकांत आणि सहवास यांची ही सांगड चौदाव्या शतकापासून चालत आली आहे. तिचा सर्वांत जुना नमुना पाहायचा असेल तर कॉर्पस क्रिस्टी कॉलेजचा जुना चौक पाहावा. शहरातल्या नागरिकांच्या संघांनी १३५२ मध्ये स्थापन केलेले हे कॉलेज. त्याचा चौक लहान, बसका आणि अलंकारहीन आहे. किंग्ज कॉलेजच्या वैभवानंतर तो साधा वाटेल, पण पुढचे सगळे चौक त्याच आराखड्यातून निघाले.

त्या आराखड्यात पहिला विचारपूर्वक बदल एका वैद्याने केला. जॉन कीझ या वैद्याने सोळाव्या शतकात आपल्या जुन्या कॉलेजला (आजचे गॉनव्हिल अँड कीझ) नवे वैभव दिले आणि जो चौक बांधला, त्याच्या तीनच बाजूंना इमारती उभारल्या. दक्षिणेची बाजू मोकळी ठेवली आणि तिथे कधीही इमारत बांधू नये असा नियम घातला, कारण चारही बाजू बंद झाल्या की हवा कोंडते आणि रोगट होते, असे त्याचे मत होते. याच कॉलेजात त्याने नम्रता, सद्गुण आणि सन्मान अशी तीन द्वारे योजली. विद्यार्थ्याने पहिल्यातून आत यावे, दुसऱ्यातून वावरावे आणि पदवी घेण्यासाठी तिसऱ्यातून बाहेर पडावे. सन्मानद्वार आकाराने लहान आहे, पण सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये रोमन धर्तीच्या वास्तुकलेचा इतका जाणता नमुना विरळाच. गल्लीतून ते बाहेरूनही दिसते, म्हणून कॉलेज बंद असले तरी चुकवू नये.

ट्रिनिटी कॉलेजचा मोठा चौक हे याच्या अगदी दुसरे टोक. सोळाव्या शतकाच्या अखेरीस कॉलेजप्रमुख झालेल्या टॉमस नेव्हिलने मधल्या जुन्या इमारती पाडल्या, घड्याळाचा मनोरा मागे सरकवून पुन्हा बांधला आणि सुमारे दोन एकरांचा चौक मोकळा केला. तो पूर्ण आयताकृती नाही, कोपरे काटकोनात नाहीत, आणि तरीही मधल्या कारंज्यापाशी उभे राहिल्यावर सगळे समतोल वाटते. न्यूटनच्या खोल्या प्रवेशद्वार आणि चॅपेल यांच्या मधल्या भागात होत्या.

त्याच्या पलीकडे नेव्हिलचा चौक आहे, आणि त्याची नदीकडची बाजू क्रिस्टोफर रेनच्या ग्रंथालयाने बंद केली आहे. केंब्रिजमधली माझ्या मते सर्वांत बुद्धिमान इमारत हीच. काम १६७६ मध्ये सुरू झाले आणि १६९५ मध्ये पूर्ण झाले. नदीकाठच्या ओलीपासून पुस्तके वाचवण्यासाठी रेनने ग्रंथालय वरच्या मजल्यावर ठेवले आणि खाली मोकळा खांबमंडप केला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, की वरचा मजला खालच्या कमानींच्या माथ्यावर सुरू होत असेल. प्रत्यक्षात आतली जमीन बरीच खाली, कमानी जिथून वळू लागतात त्या पातळीवर आहे, आणि कमानींचे अर्धगोल दगडाने भरून ती झाकली आहे. यामुळे आत भिंतीला भरपूर उंची मिळाली: खाली पुस्तकांची उंच कपाटे आणि त्यांच्या वर ओळीने मोठ्या खिडक्या. बाहेरचे प्रमाण बिघडले नाही, आतला प्रकाश अडला नाही आणि पुस्तकांना जागा मिळाली. कपाटांच्या टोकांवर ग्रिनलिंग गिबन्सने लिंडन लाकडात कोरलेली फुलेफळे आहेत. श्रीनिवास रामानुजन १९१४ ते १९१९ या काळात या कॉलेजशी जोडलेले होते, आणि त्यांच्या अखेरच्या दिवसांतले गणिताचे कागद १९७६ मध्ये याच ग्रंथालयात जॉर्ज अँड्र्यूज या गणितज्ञाच्या हाती लागले. ग्रंथालय पाहुण्यांसाठी ठरावीक तासच उघडे असते, म्हणून दिवसाचे वेळापत्रक त्याच्याभोवती बेतावे.

शेजारच्या सेंट जॉन्स कॉलेजात मुंबईच्या माणसाला ओळखीचा हात दिसेल. तिथले चॅपेल १८६६ ते १८६९ मध्ये जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने बांधले. हाच स्कॉट मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचा, ग्रंथालयाचा आणि राजाबाई टॉवरचा रचनाकार. तो मुंबईला कधी आला नाही, आराखडे लंडनहून गेले. केंब्रिजमधल्या मनोऱ्यासाठी हेन्री होर या देणगीदाराने वार्षिक हप्त्यांनी पैसे देण्याचे कबूल केले होते, पण रेल्वे अपघातानंतर त्याचा मृत्यू झाला आणि उरलेला भार कॉलेजवर पडला. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे नाव दिले. एक मनोरा १६३ फुटांचा, दुसरा २८० फुटांचा. दोन्ही पाहिलेल्या माणसाने प्रामाणिकपणे सांगायचे, तर मुंबईचे काम सरस आहे. केंब्रिजमध्ये स्कॉट तेराव्या शतकातल्या गॉथिकचे काटेकोर अनुकरण करतो आणि त्याचा मनोरा भोवतालच्या सोळाव्या शतकातल्या विटांच्या चौकांवर जड वाटतो. मुंबईत ऊन आणि पाऊस यांच्यासाठी त्याला उघड्या सज्जांची आणि बाहेरच्या वळणदार जिन्यांची भर घालावी लागली, आणि इमारत मोकळी झाली. रँग्लर परांजपे याच सेंट जॉन्सचे विद्यार्थी. १८९९ मध्ये ते सिनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले. ते ज्या चॅपेलच्या सावलीत वावरले ते तेव्हा जेमतेम तीस वर्षांचे होते. गणिताच्या परीक्षेचा निकाल जिथे जाहीर होत असे ते सेनेट हाउस, जेम्स गिब्जने १७२२ ते १७३० मध्ये बांधलेले, सन्मानद्वारासमोरच आहे. बाहेरून पाहिले तरी पुरते.

सेंट जॉन्सचा १८३१ मधला 'निःश्वासांचा पूल' आणि क्वीन्स कॉलेजचा 'गणिती पूल' ही दोन्ही नदीवरची आकर्षणे. पहिला व्हेनिसच्या पुलाच्या नावावर प्रसिद्ध झाला, त्याच्याशी फारसे साम्य नाही. दुसऱ्याविषयी एक कथा नावाडी अजूनही सांगतात, की न्यूटनने तो एकही खिळा न वापरता बांधला. न्यूटन १७२७ मध्ये वारला आणि पूल १७४९ चा आहे. विल्यम एथरिज याने तो आखला, जेम्स एसेक्स याने उभारला, आणि आजचा पूल १९०५ मध्ये त्याच आराखड्यावर सागवानात पुन्हा बांधलेला आहे. सरळ तुळया स्पर्शरेषांप्रमाणे जोडून कमान कशी साधली आहे, हे काठावरून नीट दिसते. नावेचा प्रवास सुखद आहे, पण स्थापत्य पाहण्यासाठी तो पुरेसा नाही. नदीवरून इमारतींच्या पाठी दिसतात, चौक दिसत नाहीत. वेळ कमी असल्यास मी नाव सोडून अधिकृत बिल्ला असलेल्या मार्गदर्शकाबरोबरची पायी सफर निवडीन.

जीझस कॉलेज गर्दीपासून थोडे दूर आहे आणि त्याला पुरेसा न्याय मिळत नाही. १४९६ मध्ये जोगिणींच्या मठाच्या जागी ते स्थापन झाले आणि मठाचे बाराव्या शतकापासूनचे चर्च आज त्याचे चॅपेल आहे. दोन उंच भिंतींमधल्या लांब वाटेने प्रवेशद्वारापर्यंत जावे लागते, आणि ती वाटच शहराचा आवाज मागे टाकते. चिंतामणराव देशमुख या कॉलेजात शिकले.

विसाव्या शतकाकडे बहुतेक लोक वळत नाहीत. विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय १९३४ मध्ये खुले झाले; ते जाइल्स गिल्बर्ट स्कॉटचे, म्हणजे सेंट जॉन्सचे चॅपेल बांधणाऱ्या स्कॉटच्या नातवाचे. लंडनची लाल टेलिफोन-पेटी आणि आज कलादालन झालेले बँकसाइडचे वीजकेंद्र हीही त्याचीच कामे. १५७ फुटांचा विटांचा मनोरा अनेकांना रूक्ष वाटतो. मला त्यातला संयम आवडतो. तिथे प्रदर्शने भरतात आणि ती विनामूल्य असतात. जवळच जेम्स स्टर्लिंगने १९६८ मध्ये पूर्ण केलेली इतिहास विभागाची इमारत आहे. काचेच्या उतरत्या छताखालचे तिचे वाचनालय कल्पना म्हणून विलक्षण आहे, पण छत गळे, उन्हाळ्यात आत उकडे, हिवाळ्यात गारठा पडे, भिंतीवरच्या फरशा निखळत, आणि १९८० च्या दशकात ती पाडण्याचाही विचार झाला. २००० मध्ये तिला संरक्षित वास्तूंच्या यादीत स्थान मिळाले. ती टिकली हे बरे झाले असे मला वाटते. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने रेनच्या ग्रंथालयानंतर लगेच ती पाहावी आणि प्रकाश आत घेण्याच्या दोन रीती ताडून पाहाव्यात.

फिट्झविल्यम संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही. सोमवारी ते बंद असते. जॉर्ज बासेवीचा खांबांचा दर्शनी भाग आणि १८७५ मध्ये पूर्ण झालेले संगमरवरी जिन्याचे दालन यांसाठी तासभर राखून ठेवावा. जयंत नारळीकर १९५७ मध्ये ज्या फिट्झविल्यम हाउसमध्ये दाखल झाले, ते तेव्हा या संग्रहालयासमोरच्या इमारतीत होते.

राहण्याबद्दल एक सूचना. सुट्यांच्या काळात अनेक कॉलेजे आपल्या रिकाम्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात, न्याहारी बहुधा कॉलेजच्या भोजनगृहात मिळते, आणि दिवसाचे पाहुणे बाहेर गेल्यानंतरही चौकात वावरता येते. मध्यवर्ती हॉटेलांच्या तुलनेत भाडे अनेकदा कमीही पडते. नोंदणी करताना खोली जुन्या चौकात आहे की अलीकडच्या वसतिगृहात, हे आवर्जून विचारावे. जुन्या चौकातल्या खोल्यांना पुष्कळदा सामायिक स्नानगृह असते आणि जिने अरुंद व चढे असतात, उद्वाहक नसतो. वयस्कर मंडळी बरोबर असल्यास तळमजल्याची खोली मागून घ्यावी.